जीवाणूंचे गोत्र शोधणाऱ्या रिबेका लान्सफील्ड

घसा दुखणे ही आपल्याकडे आजार म्हणून गणली जाणारी गोष्टच नव्हे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचे दूध आणि दोन दिवसांची विश्रांती एवढ्यावर बहुतेक घसे बरे होतात. मात्र काही मुलांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते तेव्हा हृदयाची झडप निकामी होत आल्याचे कळते. घशातला क्षुल्लक जंतू आणि हृदयाची झडप यांचे नाते काय, एकाच जातीचा जंतू एकाला साधा घसा देतो, दुसऱ्याला स्कार्लेट ताप देतो आणि तिसऱ्याचे हृदय पोखरतो तो का, हे विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकशास्त्राला न सुटलेले कोडे होते. ते सोडवायचे तर आधी एकसारख्या दिसणाऱ्या जंतूंमध्ये भेद करता यायला हवा होता. तो भेद करण्याची रीत ज्यांनी घालून दिली आणि त्यासाठी आयुष्याची साठ वर्षे वेचली, त्या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणजे रिबेका लान्सफील्ड. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचे आडनाव आजही रोज उच्चारले जाते. त्या नावामागच्या व्यक्तीची ओळख मात्र फारच थोड्यांना असते.

लष्करी तळावरचे बालपण

रिबेका क्रेगहिल यांचा जन्म ५ जानेवारी १८९५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील फोर्ट वॉड्सवर्थ या लष्करी तळावर झाला. वडील विल्यम क्रेगहिल अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते. त्यामुळे बदल्यांमागून बदल्या आणि सहा बहिणींचा गलबला अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. आईचे नाव मेरी वोर्टली मोंटेग्यू बायरम. अठराव्या शतकात देवीवर टोचण्याची पद्धत तुर्कस्तानातून इंग्लंडात नेणाऱ्या लेडी मेरी वोर्टली मोंटेग्यू यांच्याशी हे घराणे आपले नाते सांगत असे. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात नाव कमावणाऱ्या मुलीच्या घरात असा वारसा सांगितला जावा, हा एक सुंदर योगायोग म्हणायचा.

१९१२ मध्ये त्यांनी वेलस्ली या मुलींच्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश घेतला तो फ्रेंच आणि इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी. परंतु खोलीतली मैत्रीण प्राणिशास्त्राचा जो अभ्यास करीत होती, तो पाहून त्यांचे मन तिकडे वळले. साहित्य मागे पडले आणि जीवशास्त्र हा विषय कायमचा झाला. १९१६ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी व्हरमाँटमधील बर्लिंग्टन येथे मुलींच्या शाळेत वर्षभर शिकवले. नंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींसाठी असलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारे त्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाल्या. तेथे हान्स झिन्सर यांच्या विभागात जीवाणुशास्त्राचा अभ्यास करून १९१८ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षी सहाध्यायी डोनाल्ड लान्सफील्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डोनाल्ड हे थॉमस हंट मॉर्गन यांच्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेत फळमाशीच्या आनुवंशिकतेवर काम करीत होते.

टेक्ससच्या छावण्यांतून आलेले जंतू

पहिले महायुद्ध अखेरच्या टप्प्यात होते. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांत हजारो तरुण दाटीवाटीने राहत होते. तेथे गोवराची साथ आली आणि गोवरामागून आलेल्या न्यूमोनियाने धडधाकट सैनिक दगावू लागले. त्या न्यूमोनियाचा कर्ता होता स्ट्रेप्टोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली माळेत ओवलेल्या मण्यांसारखा दिसणारा हा जंतू. रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयातील ओस्वाल्ड एव्हरी आणि अल्फोन्स डोचेझ यांनी टेक्ससच्या छावण्यांतून त्याचे नमुने गोळा करून न्यूयॉर्कला आणले होते. त्यांना तंत्रसाहाय्यक हवा होता. पदवी हाती पडताच रिबेका त्या जागी रुजू झाल्या.

एव्हरींचा अनुभव न्यूमोकोकस या दुसऱ्या जंतूचा होता. दिसायला अगदी एकसारख्या असलेल्या न्यूमोकोकसचे रक्तद्रवाच्या चाचणीने निरनिराळे प्रकार पाडता येतात, हे तोवर सिद्ध झाले होते. तीच रीत स्ट्रेप्टोकोकसला लागू पडते का, हा प्रश्न होता. अनेक तज्ज्ञांना हे सर्व स्ट्रेप्टोकोकस एकच वाटत. रक्त मिसळलेल्या माध्यमावर वाढवले की ते भोवतालच्या तांबड्या पेशी फोडून स्वच्छ कडे तयार करतात, एवढ्यावरच त्यांची ओळख थांबत असे. रिबेका यांनी १२५ नमुने तपासले आणि त्यांतील बहुसंख्य नमुने चार ठळक प्रकारांत बसतात असे दिसून आले. १९१९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा एव्हरी आणि डोचेझ यांच्या जोडीला लेखक म्हणून लान्सफील्ड हे नावही होते. तंत्रसाहाय्यकाचे नाव, त्यातून एका तरुण स्त्रीचे, निबंधावर येणे ही त्या काळात सहजासहजी घडणारी गोष्ट नव्हती.

युद्ध संपले, पैसा आटला आणि ते काम तेथेच थांबले. पुढची दोन वर्षे त्यांनी चार्ल्स मेट्झ यांच्याबरोबर फळमाशीच्या आनुवंशिकतेवर संशोधन केले. त्यानंतर पतीसमवेत एक वर्ष ओरेगनमध्ये अध्यापन केले. १९२२ मध्ये दोघेही न्यूयॉर्कला परतले, आणि रिबेका पुन्हा रॉकफेलरच्या रुग्णालयात होमर स्विफ्ट यांच्या प्रयोगशाळेत आल्या. त्यांचे उरलेले सारे व्यावसायिक आयुष्य याच संस्थेत गेले.

उकळते आम्ल आणि सशाचे रक्तद्रव

स्विफ्ट यांचा विषय होता संधिवाती ज्वर, म्हणजेच ऱ्हुमॅटिक ताप. त्या काळी अमेरिकेतील शहरांत शाळकरी मुलांचा तो मोठा वैरी होता. या तापाला हिरवट कडे निर्माण करणारा एक विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस कारणीभूत असावा, असा अनेकांचा समज होता. रिबेका यांनी पीएच. डी. साठी हाच विषय घेतला. बारकाईने केलेल्या तपासणीतून त्यांनी दाखवून दिले की, या जंतूचा आणि आजाराचा संबंध सिद्ध होत नाही. १९२५ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठाची पदवी मिळाली. प्रबंधाचा निष्कर्ष नकारात्मक होता, पण त्याने चुकीची वाट बंद केली. त्यानंतर त्या पुन्हा रक्तपेशी फोडणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसकडे वळल्या.

येथून त्यांच्या खऱ्या कामाला आरंभ झाला. जंतूंचा भेद त्यांच्या दिसण्यातून कळत नसेल तर तो त्यांच्या कवचातील रसायनांतून कळेल, हे त्यांचे गृहीतक होते. त्यासाठी त्यांनी वापरलेली रीत ऐकायला अगदी साधी वाटते. जंतू रश्श्यासारख्या द्रव माध्यमात वाढवायचे, यंत्रात गरगर फिरवून त्यांचा साका खाली बसवायचा, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे. जंतूच्या पृष्ठभागावरची द्रव्ये त्या अर्कात उतरतात. दुसरीकडे, मारलेले जंतू टोचून सशाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करवून घ्यायची. शेवटी केसासारख्या बारीक काचनळीत सशाचे रक्तद्रव आणि जंतूचा अर्क एकत्र आणायचे. दोघांचे जुळले तर नळीत पांढरा साका दिसतो. जुळले नाही तर द्रव स्वच्छच राहतो. कुलपाला किल्ली लागते की नाही, हे पाहण्यासारखीच ही परीक्षा.

या परीक्षेतून १९२८ पर्यंत दोन निराळ्या द्रव्यांचा उलगडा झाला. पहिले द्रव्य प्रथिनाचे. ते प्रत्येक प्रकारात वेगळे असते. ज्या वसाहतींत ते आढळले त्या माध्यमावर खरबरीत, निस्तेज दिसत, म्हणून त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला एम प्रथिन हे नाव पडले. दुसरे द्रव्य शर्करेच्या वर्गातले. ते अनेक प्रकारांत समान आढळते. सोप्या भाषेत सांगायचे तर शर्करा जंतूचे गोत्र सांगते आणि एम प्रथिन त्याचे घराणे.

१९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी माणूस, जनावरे, दूध आणि चीज यांतून मिळवलेले १०६ नमुने शर्करेच्या आधारे ए ते ई अशा पाच गटांत लावून दाखवले. माणसाला आजारी पाडणारे जवळजवळ सगळे ए गटात होते. बी गटातले प्रामुख्याने गाईंच्या सडांच्या आजारातून, सी गटातले निरनिराळ्या जनावरांतून, डी गटातले चीजमधून तर ई गटातले दुधातून आले होते. वर्षानुवर्षे चाललेला गोंधळ एका तक्त्यात निवळला. पुढे या वर्गीकरणात आणखी अक्षरे जोडली गेली, परंतु चौकट लान्सफील्ड यांचीच राहिली.

तिचा उपयोगही तात्काळ दिसला. बाळंतपणानंतर स्त्रियांचा बळी घेणारा सूतिकाज्वर तेव्हा प्रसूतिगृहांचा शाप होता. बाळंतिणींच्या शरीरात स्ट्रेप्टोकोकस सापडतो, पण तो धडधाकट स्त्रियांतही सापडतो, मग घातक कोणता आणि निरुपद्रवी कोणता? १९३५ मध्ये रोनाल्ड हेअर यांच्यासोबत लान्सफील्ड यांनी दाखवले की, गंभीर आजार झालेल्या स्त्रियांतील जंतू ए गटाचे असतात, तर निरोगी स्त्रियांत आढळणारे बहुधा इतर गटांचे. जीवघेणा जंतू कोणाच्या घशातून, कोणाच्या हातातून बाळंतिणीपर्यंत पोहोचतो याचा माग काढणे त्यामुळे शक्य झाले.

अटलांटिकच्या पलीकडचा सहकारी

याच काळात लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ हे अबोल संशोधक स्ट्रेप्टोकोकसचे प्रकार पाडण्यात गढले होते. १९२८ मध्ये न्यूमोकोकसचा एक प्रकार दुसऱ्या प्रकारात बदलू शकतो हे दाखवणारे, आणि त्यातून पुढे डीएनएच्या शोधाकडे नेणारे ग्रिफिथ ते हेच. त्यांची रीत वेगळी होती. काचपट्टीवर जंतू आणि रक्तद्रव एकत्र करून गुठळ्या होतात का, हे ते पाहत. दोघांच्या निष्कर्षांत बरेच साम्य होते, मात्र काही ठिकाणी मेळ बसत नव्हता. ग्रिफिथ ज्याच्या आधारे प्रकार ठरवीत होते, ते काही वेळा एम प्रथिन नसून टी नावाचे निराळेच द्रव्य होते, हे लान्सफील्ड यांनी पुढे स्पष्ट केले. या मतभेदाने वितुष्ट आले नाही. दोघेही एकमेकांकडे नमुने आणि रक्तद्रवे पाठवीत राहिले आणि प्रकारांचे क्रमांक दोन्ही देशांत एकच असावेत यासाठी झटले. एप्रिल १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात ग्रिफिथ मृत्युमुखी पडले. त्यांनी दिलेले क्रमांक मात्र लान्सफील्ड यांच्या यादीत जिवंत राहिले.

सल्फाचा धडा

दुसऱ्या महायुद्धात छावण्या पुन्हा भरल्या आणि स्ट्रेप्टोकोकस पुन्हा आला. या वेळी लढण्यासाठी औषध होते. सल्फा वर्गातील गोळ्या १९३० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आल्या होत्या. अमेरिकी नौदलाने १९४३-४४ मध्ये आपल्या प्रशिक्षण केंद्रांत लाखो तरुणांना आजार होण्याआधीच, प्रतिबंध म्हणून सल्फाडायझिन रोज देण्याचा निर्णय घेतला. आरंभी घशाचे विकार आणि संधिवाती ज्वर झपाट्याने कमी झाले. मोहीम यशस्वी झाली असे वाटू लागले. परंतु काही महिन्यांतच औषधाला दाद न देणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या साथी उसळल्या.

येथे प्रश्न उभा राहिला तो असा. प्रत्येक नौसैनिकाच्या घशात स्वतंत्रपणे प्रतिकारक्षम जंतू तयार होतो आहे, की कोठेतरी तयार झालेला एखादाच चिवट वाण एका घशातून दुसऱ्या घशात पसरतो आहे? दोन्हींवरचे उपाय वेगळे. पहिले खरे असेल तर औषधाची मात्रा चुकते आहे. दुसरे खरे असेल तर खाटांतले अंतर, छावण्यांतील गर्दी आणि माणसांची एका तळावरून दुसऱ्या तळावर होणारी रवानगी यांकडे पाहायला हवे. उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच होता. जंतूंचे प्रकार तपासणे. तपासणीत आढळले की, प्रतिकारक्षम जंतू असंख्य प्रकारांत विखुरलेले नव्हते. ते मोजक्याच प्रकारांचे होते. औषधाने इतर सर्व प्रकारांना बाजूला सारून या मोजक्यांसाठी मैदान मोकळे करून दिले होते, आणि छावण्यांच्या गर्दीने त्यांना देशभर फिरवले होते.

लान्सफील्ड या सैन्याच्या स्ट्रेप्टोकोकसविषयक आयोगाशी जोडलेल्या होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेली रक्तद्रवे छावण्यांतील पथकांना पुरवली जात, आणि ज्यांचा उलगडा होत नसे असे नमुने त्यांच्याकडे येत. स्ट्रेप्टोकोकसच्या जगातील स्कॉटलंड यार्ड अशी उपमा या प्रयोगशाळेला त्यांचे सहकारी देत. औषधाचा सरसकट मारा केला की प्रतिकारक्षम वाण निवडून वर येतात, हा आज पाठ्यपुस्तकात असलेला धडा इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम शिकवणाऱ्या घटनांपैकी ही एक. तो वाचता आला, कारण एका वाणाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याची रीत आधीच तयार होती.

युद्धानंतर सल्फाची जागा पेनिसिलिनने घेतली. १९५० च्या सुमारास वायोमिंगमधील वॉरन तळावर चार्ल्स रॅमलकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, स्ट्रेप्टोकोकसने सुजलेल्या घशावर वेळेत पेनिसिलिन दिले तर संधिवाती ज्वर टळतो. या संशोधनातही जंतूंच्या प्रकारांची नोंद लान्सफील्ड यांच्या रीतीनेच होत होती.

चिलखत भेदणारी प्रतिपिंडे

एम प्रथिन हे ओळखपत्र तर होतेच, पण ते जंतूचे चिलखतही होते, हे लान्सफील्ड यांच्या संशोधनाचे दुसरे मोठे फलित. ते अंगावर असलेला जंतू माणसाच्या ताज्या रक्तात टाकला तर पांढऱ्या पेशी त्याला गिळू शकत नाहीत. रक्तात नेमक्या त्याच प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे असतील तरच चिलखत भेदले जाते. म्हणजे एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेलेला माणूस त्या प्रकारापुरता सुरक्षित होतो, दुसऱ्या प्रकारापुढे तो पूर्वीइतकाच उघडा असतो. एकाच मुलाचा घसा पुन:पुन्हा का बिघडतो, याचे उत्तर यात होते. ही प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे, काही जणांत दशकांहून अधिक काळ टिकतात, हेही त्यांनी १९५९ मध्ये दाखवले. त्यासाठी ज्यांच्या आजाराची नोंद जुन्या वह्यांत होती, अशा व्यक्तींचे रक्त अनेक वर्षांनी पुन्हा तपासण्यात आले. इतका दीर्घ माग काढता आला तो त्यांच्या नोंदींच्या शिस्तीमुळे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, प्रत्येक रक्तद्रवाला तारीख, आणि जुना नमुना टाकून न देता जपून ठेवणे हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी जपलेल्या हजारो वाणांचा संग्रह पुढच्या पिढ्यांसाठी संदर्भग्रंथच ठरला.

त्यांच्या कीर्तीच्या मानाने पदोन्नती संथ झाली. १९१८ मध्ये तंत्रसाहाय्यक म्हणून पाऊल टाकलेल्या संस्थेत पूर्ण सदस्य आणि प्राध्यापक होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल चाळीस वर्षे. तोवर बाहेरच्या जगाने मात्र त्यांना मानले होते. १९४३ मध्ये अमेरिकी जीवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री. १९६१ मध्ये अमेरिकी प्रतिकारशक्तीशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. आपण स्त्री आहोत म्हणून झालेल्या सन्मानाचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते. कामाचे मोजमाप कामानेच व्हावे, अशी त्यांची वृत्ती होती.

प्रयोगशाळेत तरुण सहकारी त्यांना आदराने मिसेस एल म्हणत. प्रसिद्धीचा सोस नाही, सभा गाजवण्याची हौस नाही, प्रयोग मात्र स्वत:च्या हाताने करण्याचा आग्रह. हाताखाली माणसे वाढवून आपण केवळ देखरेख करावी, हे त्यांना कधी मानवले नाही. १९२९ मध्ये कन्या जेन हिचा जन्म झाला. संसार, मुलगी आणि प्रयोगशाळा ही तिन्ही व्यवधाने त्यांनी सांभाळली. उन्हाळ्यात हे कुटुंब वुड्स होल येथील समुद्रकिनारी जाई आणि तेथे पोहणे, टेनिस यांत रमे. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्या प्रयोगशाळेतील मंडळींसाठी अंडी, दूध आणि मद्य यांचे एक खास पेय करीत. त्याची कृतीही त्यांच्या प्रयोगांइतकीच काटेकोर असे आणि सहकाऱ्यांत तिची मोठी ख्याती होती.

१९६५ मध्ये त्या औपचारिकपणे निवृत्त झाल्या. मात्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील डग्लस्टनच्या घरून प्रयोगशाळेत येणे थांबले नाही. १९७० च्या दशकात नवजात बालकांच्या जीवघेण्या संसर्गांत बी गटाचा स्ट्रेप्टोकोकस पुढे आला. गाईंच्या आजारापुरता समजला जाणारा हा गट त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी वेगळा काढला होता आणि त्याचे उपप्रकारही पाडून ठेवले होते. मॅक्लिन मॅकार्टी यांच्या समवेत या गटाविरुद्ध संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांवरचा त्यांचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. नोव्हेंबर १९८० मध्ये पडून नितंबाचे हाड मोडले आणि प्रयोगशाळेची वाट कायमची बंद झाली. ३ मार्च १९८१ रोजी, वयाच्या सहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी काही महिन्यांनी डोनाल्डही गेले.

काचनळी गेली, क्रमांक राहिले

आज प्रकार ओळखण्यासाठी ससे आणि काचनळ्या लागत नाहीत. १९९० च्या दशकापासून एम प्रथिनाची माहिती साठवणाऱ्या जनुकाचाच क्रम वाचला जातो. या रीतीने दोनशेहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. पुढे तर जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून दोन रुग्णांतील जंतू सख्खे की चुलत, हेही सांगता येऊ लागले. पण या जनुकीय प्रकारांना दिले जाणारे क्रमांक लान्सफील्ड आणि ग्रिफिथ यांच्या मूळ यादीपासूनच पुढे चालू आहेत. रोगनिदान प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालात ए गट किंवा बी गट असे लिहिलेले असते, तेव्हा १९३३ चा तो तक्ताच बोलत असतो.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या बाबतीत या ओळखीचे मोल वाढतच गेले आहे. ए गटाच्या स्ट्रेप्टोकोकसने पेनिसिलिनपुढे अद्याप हात टेकलेले आहेत. आठ दशकांच्या वापरानंतरही पेनिसिलिनला पूर्णपणे दाद न देणारा ए गटाचा वाण रुग्णांत पसरल्याची नोंद नाही. मात्र पेनिसिलिन न चालणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोमायसिनसारख्या औषधांची गोष्ट निराळी. १९७० च्या दशकात जपानमध्ये या औषधाला प्रतिकार करणारे वाण पसरले, आणि त्यांतील बहुतेक बारा क्रमांकाच्या प्रकाराचे निघाले. २०११ मध्ये हाँगकाँगमध्ये स्कार्लेट तापाची मोठी साथ आली तेव्हाही बाराव्या प्रकाराचेच, अनेक औषधांना न जुमानणारे वाण आढळले. फिनलंडने या वर्गातील औषधांचा वापर आवरता घेतला, तेव्हा ए गटातील प्रतिकारक्षम जंतूंचे प्रमाण १९९२ मधील १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आले. औषध जपून वापरले तर जंतूचा माज उतरतो, याचा हा दिलासा देणारा पुरावा. डी गटात ज्यांची गणना झाली होती त्या एंटरोकोकसने तर व्हँकोमायसिनसारख्या राखीव औषधालाही आव्हान दिले आहे, आणि रुग्णालयांत त्याचा प्रसार नेमका कोणत्या वाटेने होतो हे शोधताना वाणांची ओळख हाच पहिला धागा असतो.

या साऱ्याचा भारताशी संबंध दूरचा नाही. संपन्न देशांतून जवळजवळ हद्दपार झालेला संधिवाती हृदयविकार आपल्या देशात अजून टिकून आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ए गटाचा स्ट्रेप्टोकोकस जगभरात वर्षाला सुमारे पाच लाख बळी घेत होता, आणि त्यांतील सर्वाधिक या हृदयविकाराचे, मुख्यत: गरीब देशांतील होते. महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांतही झडप अरुंद झालेल्या तरुण स्त्रिया येत असतात. अनेकींना आपला आजार पहिल्या बाळंतपणातच कळतो. लहानपणी दुखलेला घसा कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. ज्यांना एकदा संधिवाती ज्वर होऊन गेला आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, कारण पुढचा संसर्ग वेगळ्या प्रकाराचा असू शकतो आणि त्याविरुद्ध शरीराची तयारी नसते. लान्सफील्ड यांनी काचनळीत पाहिलेले सत्य असे प्रत्येक इंजेक्शनामागे उभे आहे. लस अद्याप हाती आलेली नाही. भारतात एकाच वेळी फार वेगवेगळे प्रकार वावरत असल्याचे आढळले आहे, त्यामुळे मोजक्या प्रकारांवरची लस येथे कितपत उपयोगी ठरेल हाही प्रश्नच आहे.

लान्सफील्ड यांनी नवे औषध शोधले नाही की एखादी लस त्यांच्या नावावर नाही. त्यांच्या हयातीत नोबेलही त्यांच्या वाट्याला आले नाही. शत्रूला ढोबळ नावाने न ओळखता त्याचे गोत्र आणि घराणे विचारावे, एवढाच आग्रह त्यांनी साठ वर्षे धरला. स्ट्रेप्टोकोकसच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद आजही लान्सफील्ड यांच्याच नावाने भरते. आणि घसा दुखतो म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेण्याची सवय आपल्या शहरांत रुजलेली असताना, आठ दशकांपूर्वी नौदलाच्या छावण्यांतून त्यांच्या रक्तद्रवांनी वाचून दाखवलेला धडा पुन्हा आठवण्याची गरज संपलेली नाही.